साखऱ्याच्या करडाची आई

मी शेळ्यांचं रक्त आणायला हिंगोली जिल्ह्यात गेले होते. पुण्यात ज्यांना हे सांगितलं, त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या आईकडे. आई म्हणायची, "तिचं शिक्षणच तसलं आहे."

शिक्षण रेण्वीय जीवशास्त्राचं. प्रत्येक जीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांबलचक धागा गुंडाळून ठेवलेला असतो, तो उलगडून वाचायचा, हे आमचं काम. काही शेळ्या एका वेताला एकच करडू देतात, काही दोन, एखादी क्वचित तीनही देते. हे चाऱ्यापाण्यामुळे होतं की आईबापाकडून आलेल्या एखाद्या जनुकामुळे, असा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेला पडला होता. सेनगाव तालुक्यात साखरा गावाच्या शिवारात एक धनगरवस्ती आहे आणि तिथल्या काळ्या शेळ्यांना जुळी फार होतात, असं जनावरांच्या डॉक्टरांकडून कळलं. प्रयोगशाळेत आम्ही दोघी. विद्या म्हणाली, "मला गाडी लागते, तू जा." मी गेले.

हिंगोली जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली असतील. नांदेडच्या स्टेशनबाहेर मी जीप ठरवली तेव्हा चालक गफारचाचा म्हणाले, "हिंगोली? परभणी जिले की ना?" मी म्हटलं, आता ती स्वतःच जिल्हा आहे. ते म्हणाले, "होगी. रस्ता तो वही है."

डोंगरकडा

नांदेड मागे पडलं की पाण्याचा मुलूख लागतो. डोंगरकड्याच्या अलीकडे-पलीकडे केळीच केळी. कापलेले घड रस्त्याच्या कडेला पानांवर मांडून ठेवलेले, जणू कुणी त्यांची पंगत बसवली आहे. नाश्त्यापुरती दोन केळी घ्यावीत म्हणून मी खाली उतरले. मळेवाल्याने माझ्याकडे फार करुणेने पाहिलं.

"दोन? दोन केळं घेऊन कुठं जाऊन राहिल्या तुमी?"

"साखऱ्याला."

"मंग तर घडच न्या. तिकडं केळ न्हाई."

आमच्या पुण्यात दुकानदार केळं दाबून बघू देत नाही. इथे अख्खा घड माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि मला खिडकीशी सरकावं लागलं. पुढच्या प्रवासात प्रत्येक वळणावर तो माझ्या अंगावर यायचा.

वारंगा फाटा

रक्त गार ठेवावं लागतं. गरम झालं तर पेशी फुटतात, डीएनए तुटतो आणि हाती काहीच लागत नाही. पुण्याहून गोठवून आणलेल्या पाण्याच्या पिशव्या रात्रीच्या रेल्वेत वितळून गेल्या होत्या, म्हणून वारंगा फाट्यावर चाचांनी जीप एका रसवंतीपुढे उभी केली. रसवंतीवाला पोत्यातला बर्फ दांड्याने फोडून माझ्या थर्माकोलच्या डब्यात भरू लागला.

"डब्यात काय न्यायचं म्याडम? मासळी?"

"आत्ता रिकामाच आहे. परत येताना रक्त असेल."

बाकड्यावरच्या लोकांनी रसाचे ग्लास खाली ठेवले. "कुणाचं?" रसवंतीवाल्याने विचारलं.

"शेळ्यांचं."

"कापून की काढून?"

"सुईने काढून. चमचाभर. शेळीला काही होत नाही."

"मंग बरं हाय," तो म्हणाला आणि बर्फ भरू लागला. पण तोवर बाकड्यावर बातमी शिजली होती. पुण्याच्या बाई शेळीच्या रक्तापासून औषध करतात, असं ठरून गेलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थाने धोतर वर करून मला गुडघा दाखवला. मी डॉक्टर नाही म्हटलं. मग डब्यावर काय लिहिलंय, त्याने विचारलं. डब्यावर माझ्या नावाआधी डॉक्टर लिहिलेलं होतं. ही पदवी रोग बरे करणारी नाही, हे त्याला समजावताना मला घाम फुटला. शेवटी स्वतःची समजूत त्यानेच काढली. "शिकून राहिली असंल अजून. होईल, होईल."

जीपमध्ये बसल्यावर चाचा म्हणाले, "मॅडम, सच हर जगह बोलने की चीज नहीं."

साखरा

हिंगोली ओलांडून सेनगावच्या बाजूला वळलं की जमीन मुरमाड होते. दिवाळी उलटून गेली होती. तूर शेंगांवर आली होती आणि ज्वारी गुडघ्याएवढी. वस्तीवर सात-आठ घरं, मध्ये एक मोठा लिंब, लिंबाला पार. घरं आहेत त्याहून वाडगी जास्त. वाडगं म्हणजे काटेरी फांद्यांचं कुंपण घातलेलं शेळ्यांचं आवार.

वस्तीतले सर्वांत वयस्क ग्यानबाआबा पारावर बसले होते. उंच, कोरडे, कानात बाळी. सगळी वस्ती त्यांच्या शब्दाबाहेर नाही, हे बसल्या जागी कळत होतं. मी कामाचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि स्वतःची शेळी आधी पुढे केली. तिचं नाव गुणी.

"हिला करडं किती आहेत?"

"दोन हायत," आबा म्हणाले.

दोन गुटगुटीत करडं तिच्या पोटाखाली ढुसण्या देत होतीच. मी जुळं असं लिहून घेतलं, गुणीच्या मानेवरचे केस कातरले, शीर चाचपली आणि नळीत रक्त घेतलं. रक्त गोठू नये म्हणून नळीत एक औषध असतं. सगळे वाकून बघत होते. सस्तन प्राण्यांच्या रक्तातल्या लाल पेशींत डीएनए नसतो, आपल्याला हव्या असतात त्या थोड्याशा पांढऱ्या पेशी, हे मी सांगितलं. कुणालाच ते पटलं नाही. लाल रक्तात पांढरं काय असणार?

दुपारपर्यंत काम छान चाललं. शेळीच्या दुधाचा चहा तीनदा झाला. पुण्यात शेळीचं दूध म्हटलं की लोक नाक आक्रसतात. इथे म्हशीच्या दुधाचा चहा पाहुण्याला द्यावा लागला तर यजमान ओशाळतो. तिसऱ्या कपाच्या वेळी मागून फाडफाड आवाज आला. एक शेळी माझ्या पिशवीत तोंड घालून नळ्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या खात होती. मी धावले तोवर चिठ्ठ्या संपल्या होत्या आणि ती पिशवीच्या बंदाकडे वळली होती. मग प्रत्येक नळीवर मला पेनानेच नावं लिहावी लागली. गुणी, हरणी, मैना. बर्फाच्या पाण्यात ती पुसट होत चालली होती.

त्यानंतर मी कोंडिबाच्या वाडग्याकडे वळले, तर कोंडिबा दारात आडवा उभा. त्याच्या शेजारी, पण त्याच्यापासून दोन हात सोडून, मारोती.

"आधी आमचा निकाल, मंग तुमचं रक्त," कोंडिबा म्हणाला. "टीव्हीवर दाखवलं व्हतं. रक्तावरून माय-लेकरू वळखतात."

भानगड अशी होती. कोंडिबाची मुलगी रुक्मिण आणि मारोतीचा मुलगा बालाजी यांची सोयरीक जमली होती. आता एकच घर झालं, या आनंदात दोघांनी आपल्या शेळ्या एका वाडग्यात आणल्या. कोंडिबाची काळी आणि मारोतीची चांदरी, दोघी एकाच दिवशी व्याल्या. पहाटेच्या आत लांडगा शिरला. सकाळी बघतात तर वाडग्यात एकच करडू जिवंत, आणि दोन शेळ्या ओरडतायत. करडू कोणाचं? काळीने त्याला चाटलं, चांदरीनेही चाटलं. काळीने पाजलं, चांदरीनेही पाजलं. दुपारपर्यंत दोघे व्याही एकमेकांशी बोलेनासे झाले आणि साखरपुडा राहून गेला.

"सोयरीक मोडली?" मी विचारलं.

"मोडली न्हाई," मारोती म्हणाला. "टांगली."

निवाडा अर्थात ग्यानबाआबांकडे गेला. त्यांनी दोन्ही शेळ्या पाराच्या दोन टोकांना बांधून करडू मध्ये सोडलं. ते आधी काळीला प्यालं, मग चांदरीला, मग आबांच्या धोतराचा सोगा चोखू लागलं. मग आबांनी ते आळीपाळीने दोन्ही घरी ठेवायला सांगितलं. आमच्याकडे ते हडकतं आणि त्यांच्याकडून येतं ते रुसून येतं, असं दोन्ही घरं म्हणू लागली. मी करडू पाहिलं. दोन आयांचं दूध पिऊन ते ढोलकीसारखं झालं होतं.

"म्याडमला काहून तकलीफ द्यायची?" आबा पारावरूनच म्हणाले. "दोघी पाजून राहिल्या, लेकरू वाढून राहिलं. चालू द्या."

पण वस्तीला आता विज्ञान हवं होतं. कोंडिबाने मला बसवलं आणि विचारलं, "रक्तात मायचं नाव लिवलेलं असतंय का?"

म्हटलं, नाव नाही, पण खूण असते. आणि तो धागाच तुम्हाला दाखवते. रक्ताचा नाही, केळ्याचा.

केळी होतीच. रुक्मिण पुढे आली. ठेंगणी, गप्प, हाताला चटपटीत. तिने परातीत दोन केळी कुस्करली. त्यात मीठ आणि धुण्याच्या पावडरीचं पाणी घातलं. पावडरीने पेशीच्या पडद्यातली चरबी विरघळते आणि आतला धागा मोकळा होतो. लगदा फडक्यातून गाळून काचेच्या ग्लासात घेतला. शीर पुसायला आणलेलं जनावरांच्या दवाखान्यातलं स्पिरिट बर्फात गार करून ठेवलं होतं. ते कडेकडेने ओतायचं होतं आणि ओतणाऱ्याचा हात स्थिर हवा होता. मारोतीने बालाजीला ढकललं. रुक्मिणने ग्लास धरला, बालाजीने स्पिरिट ओतलं.

पाण्यावर स्पिरिटचा थर बसला आणि दोहोंच्या मधून पांढरे, कापसासारखे तंतू वर येऊ लागले. एका बाईने हात जोडले.

"ह्यो केळीचा जीव?"

"जीव नाही. केळ कसं घडवायचं ते यात साठवलेलं असतं. लाखो पेशींतला धागा एकत्र आला म्हणून डोळ्यांना दिसतोय."

"खाता येतं का?"

"रोज खाताच की. केळ्याबरोबर पोटात जातं."

"ये तो सेवई है," गफारचाचा म्हणाले.

मारोतीने ग्लासाभोवती फेरी मारली. "म्हंजे ह्यावरून केळ डोंगरकड्याच्या कोन्या मळ्यातलं ते कळतं?"

म्हटलं, एकाच कंदापासून लावत गेलेल्या केळी सारख्याच निघतात, तिथे मळा ओळखता येणार नाही. पण करडू हे आईबापांचं मिश्रण असतं. प्रत्येक खूण त्याच्यात जोडीने असते, एक आईकडची, एक बापाकडची. आईकडे जी खूणच नाही ती आईकडून आली असं होऊ शकत नाही. मोठमोठ्याने माना हलल्या. सगळे ग्लासातले तंतू बघत होते. ग्लास धरणारी आणि स्पिरिट ओतणारा मात्र ग्लासाकडे बघत नव्हते. ते एकमेकांकडे बघत होते, आणि तेवढ्याचसाठी मी काळीचं, चांदरीचं आणि करडाचं रक्त घेतलं. आमच्या अभ्यासात ते बसत नव्हतं.

पुणे

रक्तातून डीएनए काढायचा, त्यातला हवा तेवढा तुकडा यंत्रात तापवून-थंड करून त्याच्या असंख्य प्रती काढायच्या आणि मग त्या प्रती एका पारदर्शक जेलमधून विजेच्या जोरावर पळवायच्या. लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे राहतात. शेवटी दिव्याखाली पट्ट्या दिसतात. आई आणि लेकरू यांच्या पट्ट्या शेजारी ठेवायच्या. दर ठिकाणी एक तरी पट्टी जुळली पाहिजे.

काळी आणि करडू यांच्या जुळल्या नाहीत. मला आनंद झाला, निकाल लागला. मग चांदरीच्या बघितल्या. त्याही जुळल्या नाहीत.

"तू नळ्यांची अदलाबदल केलीस," विद्या म्हणाली.

"चिठ्ठ्या शेळीने खाल्ल्या."

"हे आपण निबंधात कसं लिहायचं?"

आम्ही सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तेच आलं. नुसती उत्सुकता म्हणून विद्याने करडाच्या पट्ट्या साखऱ्याहून आणलेल्या बाकीच्या सगळ्या शेळ्यांशी ताडून पाहायला घेतल्या. चहा व्हायच्या आत तिने मला हाक मारली. एका शेळीशी प्रत्येक ठिकाणी जुळत होतं. नळीवर पुसट अक्षरं होती: गुणी.

गुणी आबांची होती. ज्यांनी निवाडे दिले त्या आबांची. नळ्यांचा घोळ असेल तर निकाल पाठवून एका म्हाताऱ्या माणसाला मी वस्तीत तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. घोळ नसेल तर काय, हे मला कळत नव्हतं. टपालाने पाठवायची ही गोष्ट नव्हती.

पुन्हा साखरा

होळीनंतर गेले. पळस फुलून गेला होता, शेतं रिकामी, वारा तापलेला. सोयरीक अजून टांगलेलीच होती. करडू मात्र बोकडाएवढं दांडगं झालं होतं आणि दोन्ही शेळ्या त्याला लाथा मारत होत्या.

मी आधी आबांना एकटं गाठायचं ठरवलं होतं. पण वस्तीवर पाहुणा पारावरच बसतो आणि पार कधी रिकामा नसतो. कोंडिबा, मारोती, बायका, लेकरं सगळी जमली. मी पाणी प्यायले, पुन्हा प्यायले.

"काळी आई नाही," मी म्हटलं. मारोतीने मिशीवर हात फिरवला. "चांदरीही नाही."

मारोतीचा हात मिशीवरच राहिला.

"कदाचित माझी चूक झाली असेल," मी घाईने म्हटलं. "चिठ्ठ्या शेळीने खाल्ल्या होत्या. पुन्हा रक्त घ्यायला आले आहे. सगळ्यांचंच. गुणीचंसुद्धा."

आबांनी कानातली बाळी चाचपली. लिंबाकडे बघितलं. मग अगदी सहज म्हणाले, "गुणीचं नका घेऊ. बराबर हाय तुमचं."

"काय बराबर?" कोंडिबाने विचारलं.

"करडू गुणीचंच हाय. तिळं झालं व्हतं तिला. थानं दोन, लेकरं तीन. तिसरं उपाशी राहून राहिलं. पहाटं तुमच्या वाडग्यात लांडगा शिरून गेलेला, दोघी ऊर फुटेस्तोवर ओरडून राहिल्या. म्हनलं, ह्यांनला लेकरू न्हाई, लेकराला दूध न्हाई. ठिवलं मधी."

मारोती उसळला. "मंग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगायला उजाडल्यावर आलो, तर तुमी काठ्या घेऊन उभे. म्हनलं, थंड व्हऊ द्या. थंड झाले न्हाई अन् निवाडा माझ्याकडंच घेऊन आले. आता निवाडा देनाऱ्यानं मधीच उठून करडू माझं हाय म्हनावं तर कसं दिसंल?"

माझ्याही डोक्यात एक गोष्ट आता शिरत होती. "आबा, मी विचारलं होतं ना, गुणीला करडं किती?"

"तुमी इचारलं, किती हायत. दोन व्हती की पुढ्यात. झाली किती, ते इचारलं न्हाई."

ज्या शेळीसाठी पुण्याहून इतक्या लांब आले, तिळं देणारी ती एकमेव शेळी, मी जुळ्यांत घालून ठेवली होती. मी पारावर बसूनच हसायला लागले आणि मला थांबता येईना. गफारचाचांनी कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं.

कोंडिबा आणि मारोती मात्र हसत नव्हते. दोघे आबांसमोर खांद्याला खांदा लावून उभे होते. इतक्या महिन्यांत त्यांच्यामध्ये एवढं कमी अंतर पहिल्यांदाच होतं.

"आमच्या दोघींचं दूध पिलं तुमचं करडू," कोंडिबा म्हणाला.

"व्याह्याशी बोलत न्हवतो मी. ह्यांच्यापायी," मारोती म्हणाला.

"निवाडा झाला पायजे!"

"झालाच पायजे!"

आणि मग सवयीने दोघांनीही आबांकडेच पाहिलं. आबांनी मांडी बदलली, उपरणं नीट केलं आणि गंभीर चेहऱ्याने आरोपी आणि पंच अशा दोन्ही नात्यांनी सुनावणी घेतली. ती बरीच लांबली. मध्ये जेवणं झाली, भाकरी, ठेचा, तुरीच्या दाण्यांची आमटी. आबांच्याच घरचं जेवण होतं, आणि त्यांच्यावर आरोप करणारे त्यांच्याच ओट्यावर बसून आणखी आमटी मागत होते. शेवटी निवाडा झाला. करडू आबांचं, पण दूध दोन्ही घरचं. तेव्हा आबांनी ते रुक्मिणला आंदण द्यावं, म्हणजे ते दोन्ही घरचं होईल. असा हुकूम आबांनी आबांना केला, आणि आबांनी तो मान्य केला.

व्याह्यांनी एकमेकांना तंबाखू दिली. मी डबा आवरू लागले. चाचांनी जीप वळवून घेतली. तेवढ्यात मारोतीला काहीतरी आठवलं.

"म्याडम, दर खूण जोडीनं असते म्हनले तुमी. एक मायची, एक बापाची."

"हो."

"मंग ह्या करडाचा बाप कोन?"

वस्तीत चार घरी बोकड होते. कोंडिबाने मान वळवून आपल्या बोकडाकडे पाहिलं. मारोतीने आपल्या. आबा लिंबाकडे बघू लागले. कुणीतरी म्हणालं, माझा बोकड त्या आठवड्यात मोकळाच व्हता. दुसरं कुणीतरी म्हणालं, मोकळा व्हता म्हनजे काय? मी डबा पोटाशी घट्ट धरला.

"मामा," मागून आवाज आला. दाराशी उभी राहून रुक्मिण थेट मारोतीला, होणाऱ्या सासऱ्याला, म्हणत होती, "बापाचं राहू द्या आता. आधी तारीख काढा."

दोन्ही खेपांत तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग आबा घसा खाकरून म्हणाले, "पोरगी बराबर बोलून राहिली," आणि त्यांनी घरातून पंचांग मागवलं.